बातमी सोडून बोला!

गोदीत क्रेनखाली राबणाऱ्याला रेडिओ म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. वर हुकाला दोन टनांचा माल लटकलेला असतो. क्रेनवाल्याला खालचा माणूस दिसत नाही. मध्ये सिग्नलवाला उभा, हातात वॉकीटॉकी. तो दोन शब्द बोलतो. हबेस म्हणजे उचल, आरिया म्हणजे सोड. आणि स्लिंग सटकायला लागली की ओरडतो : खाली माणूस आहे! त्या एका ओरडण्यासाठी तो रेडिओ असतो. गाणी म्हणायला आमची तोंडं धड आहेत.

आता समजा, साहेबानं फर्मान काढलं, की सिग्नलवाल्यानं आरोग्यावर बोलावं, हवामानावर बोलावं, सुगम संगीत लावावं, थोरांच्या जयंत्या साजऱ्या कराव्यात. फक्त खाली माणूस आहे हे सांगू नये. कारण ती बातमी होते!

हसू नका दोस्तांनो. या देशात विद्यापीठांना रेडिओ मिळाला तो याच अटीवर.

हा इतिहास आपण सांगितला पाहिजे. विद्यापीठं सांगतात तेव्हा उद्घाटनाचा फोटो दाखवतात, फीत कापणारे हात दाखवतात. अट दाखवत नाहीत.

सुरुवातीपासून बघा. साल 1927. 20 मार्चला महाडात बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि आपल्या माणसांची डोकी फुटली. 23 जुलैला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. 25 डिसेंबरला महाडातच मनुस्मृती जळाली. म्हणजे या देशातला रेडिओ आपल्या दोन महाडांच्या मधोमध जन्मला. पण पाळण्यातच त्याचे पाय दिसले. त्याला सरकारी परवाना लागायचा, कारण 1885च्या तार कायद्यानं तारेतून जाणारा शब्द सरकारच्या मक्त्याचा करून टाकला होता. पुढं बिनतारी शब्दही त्याच दावणीला बांधला. पाणी सवर्णांचं, हवा सरकारची. मग आपलं काय? तोंड. तेही मिटलेलं.

साहेब गेला तरी मक्ता गेला नाही. कोल्हापूरचंच घ्या. 1962 साली इथं शिवाजी विद्यापीठ निघालं. 1963 साली सांगलीला आकाशवाणीचं केंद्र आलं. सागरमाळावर ज्ञानाची इमारत उभी, पण ते ज्ञान हवेत सोडायचं तर सरकारी स्टुडिओच्या दारात उभं राहा. चाळीस वर्षं एकाही विद्यापीठानं स्वतःचं केंद्र चालवावं अशी सोय या महाराष्ट्रात नव्हती.

दार किलकिलं झालं ते कोर्टामुळं. 9 फेब्रुवारी 1995. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठानं निकाल दिला, की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. भांडण क्रिकेटच्या प्रक्षेपणाचं होतं, पण निकाल आपल्या कामाचा निघाला. जनतेची म्हणजे कुणाची? सरकारनं सात वर्षं डोकं खाजवलं आणि डिसेंबर 2002 मध्ये उत्तर दिलं : विद्यापीठांची, कॉलेजांची. म्हणजे ज्यांच्याकडं आधीच फळा होता, खडू होता, छापखाना होता, त्यांनाच माईक. 1 फेब्रुवारी 2004 ला चेन्नईचं अण्णा विद्यापीठ बोलू लागलं. 2005 मध्ये पुणे विद्यापीठाची विद्यावाणी, 2008 मध्ये मुंबई विद्यापीठाचा मस्ट रेडिओ. टाळ्या वाजवा. आणि टाळ्या संपल्यावर परवान्यातली अट वाचा. बातम्या नकोत. चालू घडामोडी नकोत. राजकारण नको.

या अटीचा अर्थ काय होतो ते 2006 साल सांगतं. 29 सप्टेंबरला खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांना गावानं मारलं. नोव्हेंबरात विदर्भ पेटला. आणि त्याच नोव्हेंबरात दिल्लीच्या मंत्रिमंडळानं उदार होऊन सामुदायिक रेडिओचं दार स्वयंसेवी संस्थांनाही उघडलं. बातमीबंदी मात्र जशीच्या तशी! समुदायानं बोलावं, फक्त समुदायाला गावानं मारलं तर ते बोलू नये. महाराष्ट्रात तेव्हा विद्यापीठाचं केंद्र चालू होतं. कायद्याप्रमाणं त्याला खैरलांजीची बातमी देता येत नव्हती. लोकगीत देता आलं असतं.

मी पुण्याच्या पोरांना दोष देत नाही. माईकपुढं बसणारी पोरं आपल्यासारखीच असतात. दोष त्या खुर्च्यांचा, ज्यांना ही अट कधी टोचली नाही. 2013 मध्ये या बंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली ती कॉमन कॉज ही संस्था. अर्जदार म्हणून नाव कुठल्या विद्यापीठाचं नाही. का असावं? बातमी नसली की खुर्चीला बरंच असतं. वसतिगृहाची खानावळ, अडकलेली शिष्यवृत्ती, गाईडनं छळलेला पीएचडीवाला... सगळी बातमीच ना! ती सोडून बोला.

माझ्या आजीचं सांगतो. एका विद्यापीठाच्या केंद्रानं तिला जात्यावरच्या ओव्या म्हणायला बोलावलं. कुठल्या ते सांगत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात. आजीनं भीमाच्या ओव्या म्हटल्या, मग आपसूक गावच्या विहिरीवर आली. कुणी घागर विटाळली म्हणून फोडली, कुणी आजही वर यायला देत नाही, सगळं नावानिशी. अर्धा तास बोलली. रेडिओवर पाच मिनिटं आलं. ओव्या होत्या, विहीर नव्हती. विचारलं तर म्हणाले, ते चालू घडामोडीत जातं. आजी शाळेत गेली नाही, पण तिनं जे म्हटलं ते कुठल्या माध्यमतज्ज्ञाला सुचणार नाही : "माजं गानं ठिवलं, माजं म्हननं काडलं."

हाच विद्यापीठीय रेडिओचा इतिहास आहे, सहा शब्दांत!

आणि दुसरा इतिहास बघायचा तर पस्तापूरला जा, तेलंगणात, झहीराबादजवळ. तिथल्या दलित बायका 1998 पासून टेप भरत होत्या. परवाना नव्हता, तर टेपा घेऊन संघमच्या बैठकीत ऐकवायच्या. बियाणं, मजुरी, बाळंतपण, सगळं स्वतःच्या तेलुगूत. 15 ऑक्टोबर 2008 ला त्यांचा संघम रेडिओ हवेत गेला. दहा वर्षं त्या परवान्याची वाट बघत गप्प बसल्या नाहीत. आपली विद्यापीठं परवाना मिळूनही गप्प.

कुणी म्हणेल, कशाला हा जुना डबा? मोबाईल आहे की हातात! कोल्हापूरकरांनी तरी हे म्हणू नये. 7 जून 2023 आठवा. मोबाईलच्या स्टेटसवरून शहर पेटलं आणि सरकारनं इंटरनेट बंद केलं. हातातला फोन वीट झाला. त्या रात्री घराघरात अफवा होती आणि खरं सांगणारं कुणी नव्हतं. जवळचा रेडिओ अशाच रात्रीसाठी असतो. त्याला नेट लागत नाही. 50 वॅटचा ट्रान्समीटर सागरमाळावर ठेवला तर राजेंद्रनगर, सिद्धार्थनगर, उचगाव, शिरोलीची एमआयडीसी, सगळं टप्प्यात येतं. पण अशा रात्रीही त्यानं स्वतःची बातमी शोधून सांगायची नाही. अट!

तरी त्याच नियमांत एक कलम आपल्या बाजूचं आहे. किमान 50 टक्के कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत, आणि शक्यतो त्यांच्या बोलीत. पन्नास टक्के! कोल्हापूरच्या पोरांना हा आकडा कुणी समजावून सांगायला नको. 26 जुलै 1902 ला शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात मागासांना पन्नास टक्के जागा दिल्या. याच शाहूंनी 1920 साली 'मूकनायक'ला अडीच हजार रुपये दिले. 'केसरी'नं तेव्हा त्या पत्राची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापली नाही. याच संस्थानातल्या माणगावात त्या मार्चमध्ये महाराज आणि बाबासाहेब एका मंडपात बसले. मुक्यांना पत्र मिळालं त्याला शंभरावर वर्षं झाली. आता मुक्यांना माईक पाहिजे, आणि तो बोलका पाहिजे.

म्हणून आपलं मागणं, जिथं जिथं विद्यापीठाचा माईक उभा आहे किंवा उभा राहील तिथं :

एक. विद्यापीठाच्या अधिसभेनं बातमीबंदीविरुद्ध ठराव करावा आणि तो दिल्लीला धाडावा. ठराव करायला परवाना लागत नाही.

दोन. पन्नास टक्के वेळ कुणाला दिला, त्याची वही दर महिन्याला फाटकावर लावावी. नोकरीचा अनुशेष मोजतो तसा आवाजाचा अनुशेष आपण मोजू.

तीन. वस्तीतल्या माणसाचं जे रेकॉर्ड केलं ते न कापता जपावं. हवेत सोडता येत नसेल तर कपाटात ठेवा. ओवीही ठेवा, विहीरही ठेवा. कायदा बदलेल त्या दिवशी आम्ही मागायला येऊ.

आणि तोवर? तोवर पस्तापूरच्या बायांचा रस्ता. खिशातल्या फोनवर भरा, बुद्धविहारात ऐकवा, हॉस्टेलच्या खोलीत ऐकवा. 1885चा तो कायदाही मोडीत काढायला अखेर 2023चा नवा दूरसंचार कायदा आला. नव्यातही परवानगीची खिडकी सरकारचीच. खिडकीपुढं रांग लावू, पण रांगेत मुकं उभं राहणार नाही.

हुक वर आहे. माल हलतोय. साहेब म्हणतो, गाणं लाव.

आम्ही ओरडणार. खाली माणूस आहे!

जय भीम.