अर्ज लिहिणारा इंजिनिअर नव्हे



ऊस नोंदीच्या निमित्ताने आम्ही गावोगाव हिंडतो, तेव्हा उसाइतकीच चर्चा पोरांच्या नोकरीची होते. मागे खेडकडच्या एका सभासदांनी विचारले, "साहेब, थोरला चाकणला पंपाच्या कंपनीत लागला. ॲप्लिकेशन इंजिनिअर म्हणे. अर्ज लिहायचं काम असतं का हो हे?" आमचा डिप्लोमा शेतीचा, आम्हालाही धड सांगता आले नाही. बसायला टेबल नाही, बॅग बांधून आज मंचर, उद्या दौंड. त्यापेक्षा गाड्यांच्या कारखान्यात लाइनवर लागता तर कंपनीची बस तरी मिळाली असती, ही त्यांची खंत.

उत्तर आम्हाला आमच्याच बेणे मळ्यावर मिळाले. तिथली दहा हॉर्सपॉवरची मोटर दोन उन्हाळ्यांत दोनदा जळाली. आम्ही वायंडिंगवाल्याला बोल लावला, मग विजेच्या दाबाला. तो मुलगा सुट्टीत घरी आला असता वडिलांच्या शब्दाखातर मळ्यावर आला. त्याने आधी काही सांगितलेच नाही, नुसते विचारले. नदीचे पाणी किती खाली? टाकी किती वर? पाइप किती इंची, किती लांब? आम्ही अंदाजे सांगू लागलो तर म्हणाला, "काका, टेप आणा." मग दोघे चिखलात उतरलो.

गरज निघाली पंचवीस मीटर हेडची आणि पंप बसवला होता साठचा. जास्त हेड म्हणजे जास्त ताकद, असे समजून तो आम्हीच पसंत केला होता, आणि दुकानदारानेही अडवले नाही. असला पंप कमी उंचीवर चालवला की पाणी प्रमाणाबाहेर फेकतो आणि मोटरवर बोजा येतो. आमचा विश्वास बसेना. त्याने वायरीला मीटर लावला. मोटरच्या पाटीवर चौदा अँपिअर, काटा सतराच्या पुढे. "आता डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळा." आवळला, तसा काटा तेरावर आला! हा उपाय तात्पुरता. इंपेलर छाटून घ्या किंवा लहान पंप बसवा, असे त्याने सांगितले. मोठा पंप विकायची गोष्ट काढली नाही.

हेच ते काम. यंत्र बनवणारा ते कुठे बसणार हे पाहत नाही, आणि वापरणाऱ्याला ते कसे बनले हे ठाऊक नसते. मधला माणूस हवा. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, चाकणला १९९९ साली बजाजचा कारखाना निघाला, तेव्हापासून आपल्या भागाला नोकरी म्हणजे लाइन आणि शिफ्ट एवढेच ठाऊक. पण याच पट्ट्यात चिंचवडची थरमॅक्स बॉयलर करते, कासारवाडीची फोर्ब्स मार्शल वाफेचे सामान करते. बॉयलर आणि वाफ यांवर तर आपला कारखाना चालतो. असा माल नुसता ट्रकमधून उतरवून भागत नाही, जागेवर जाऊन बघणारा कोणी लागतोच. आणि शेतकऱ्याच्या पोराला फूट व्हॉल्व्ह, गाळ, रात्रीची वीज हे शिकवावे लागत नाही.

एक भीती मात्र आहे. या मुलांना कंपनीने नुसता विक्रीचा आकडा दिला, तर "लहान पंप चालेल" असे कोण सांगेल?

दोष आपलाही असतो. आम्ही को ८६०३२ चा उतारा का पडला म्हणून विचारतो, तेव्हा बांधणी उशिरा झाली हे कोणी सांगत नाही. बेण्यावर खापर फुटते. इंजिनिअरलाही आपण असेच अर्धवट सांगतो. तीन इंचीऐवजी अडीच इंची पाइप टाकला, तर तेवढ्याच पाण्याला घर्षणाचा तोटा सुमारे अडीच पट होतो. तो पाइप मातीखाली, त्याला दिसणार कसा?

सदर मुलगा पुढील गट सभेस येण्यास तयार आहे. वडील अजून कुरकुरतात, पण त्याला घेऊन तेच येणार आहेत. ज्यांच्या मोटरी वारंवार जळतात त्यांनी पाण्याची खोली, पाइपचा व्यास व लांबी टेपने मोजून आणावी, आणि मोटरच्या पाटीवरचे आकडे उतरवून आणावेत. अंदाजे आकडे आणू नयेत.