जीन्सऐवजी मिलिटरी हिरवी पँट का नको?

जीन्स ही आता फॅशन राहिलेली नाही, ती सवय झाली आहे. कॉलेजला जायचे तर जीन्स, बाजारात जायचे तर जीन्स, रिक्षा चालवायची तर जीन्स आणि जुम्म्याच्या नमाजला कामावरून थेट जायचे तर तीही जीन्समध्येच. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तरी पायात जीन्स. जुलैत रत्नागिरीला दिवसेंदिवस ऊन दिसत नाही तरी पायात जीन्स. ही पँट आपल्या हवेला, आपल्या कामाला सोयीची आहे का, हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

माझे म्हणणे साधे आहे. जीन्स वाईट नाही. पण रोजच्या वापरासाठी तिच्यापेक्षा चांगला पर्याय आपल्याकडे आहे. तो म्हणजे सैल शिवणीची, सुती कापडाची, मिलिटरी हिरव्या रंगाची साधी पँट. कापड दुकानदार या रंगाला कधी ऑलिव्ह म्हणतो, कधी मेहंदी कलर म्हणतो. ही पँट घालायला आपली मुले दोन कारणांनी कचरतात. एक, जीन्सइतकी ती ‘चालत’ नाही असे त्यांना वाटते. दोन, त्या रंगाची भीती वाटते. दुसऱ्या कारणाबद्दल आपण उघड बोलत नाही, म्हणून मी इथे बोलणार आहे. पण आधी पहिल्याकडे येतो.

दोन्ही पँटी कष्टकऱ्यांच्या

जीन्सचा जन्म दिखाव्यासाठी झालेला नाही. अमेरिकेत जेकब डेव्हिस नावाच्या एका शिंप्याने मजुरांच्या पँटचे खिसे फाटू नयेत म्हणून त्यांच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या रिबिटी ठोकल्या. त्याने लेव्ही स्ट्रॉस या कापड व्यापाऱ्याला सोबत घेतले आणि २० मे १८७३ रोजी दोघांना त्याचे पेटंट मिळाले. त्याच्याही कितीतरी आधी, सतराव्या शतकापासून, इंग्रजांच्या तोंडी ‘डंगरी’ हा शब्द होता. जाड्याभरड्या सुती कापडासाठी वापरला जाणारा हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलेला आहे. ज्या डोंगरीची सिनेमावाल्यांना आज फक्त गँगवॉरसाठी आठवण होते, तिने जगाच्या मजुराला कापडाचे नाव दिले, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

हिरव्या पँटची कथाही आपल्यापासून लांब नाही. खाकी हा शब्द ‘खाक’ म्हणजे धूळ, माती यावरून आला. १८४०च्या दशकात पेशावरकडे हॅरी लम्सडेन याने गाईड्स पलटण उभी केली आणि तिच्या शिपायांना लाल किंवा पांढऱ्या कपड्यांऐवजी मातीच्या रंगाचे कपडे दिले. कारण उघड होते. लाल डगला दुरून दिसतो, मातीचा रंग दिसत नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात खाकीही उठून दिसू लागली, तेव्हा सैन्याला हिरवे कपडे मिळाले. स्वातंत्र्यानंतर खाकी पोलिसांकडे राहिली आणि लष्कराची ओळख ऑलिव्ह हिरव्या रंगाशी जोडली गेली.

हा रंग सामान्य माणसाच्या कपाटात शिरला तो अमेरिकेतून. तिथल्या लष्कराने १९५२ मध्ये ‘ओजी-१०७’ नावाचा गणवेश आणला. त्याची पँट सरळ, सुती, मजबूत आणि पुढे दोन मोठे खिसे असलेली होती. लष्कराला नको झालेला माल स्वस्तात दुकानांत आला. तो विद्यार्थ्यांनी घेतला, कामगारांनी घेतला आणि व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्यांनीही घेतला. गायक जॉन लेनन १९७२ मध्ये याच प्रकारचा शर्ट घालून मंचावर उभा राहिला होता. म्हणजे हा रंग लष्कराने वापरला, तसाच शांतता मागणाऱ्यांनीही वापरला. कपडा कोणासाठी शिवला यापेक्षा तो घालून माणूस काय करतो, हे महत्त्वाचे असते.

आपली हवा, आपले पाणी

आता रोजच्या सोयीकडे पाहू. नेहमीच्या जीन्सचे कापड एका चौरस मीटरला साधारण ४०० ते ४७५ ग्रॅम भरते. साध्या सुती ट्विल पँटचे कापड साधारण २२० ते २७० ग्रॅमचे असते. विणीचा प्रकार एकच, तिरकी वीण. पण वजनात जवळजवळ निम्म्याचा फरक. जड कापड घाम धरून ठेवते, धुताना जास्त पाणी पिते आणि पावसाळ्यात वाळत नाही. वरून कोरडी वाटणारी जीन्स कमरेच्या पट्टीत आणि खिशांच्या आत ओलीच असते. तशीच घालून मुले दिवसभर फिरतात. हट्टी गजकर्णाचे रुग्ण वाढल्याचे देशातले त्वचारोगतज्ज्ञ गेली काही वर्षे सांगत आहेत. घट्ट कपडे टाळा, सैल सुती कपडे वापरा, पूर्ण वाळलेलेच घाला, हा त्यांचा सल्ला असतो. ज्या घरात नळाला एक दिवसाआड पाणी येते आणि कपडे वाळवायला खिडकीच्या गजापलीकडे जागा नाही, तिथे हा फरक बोलण्यापुरता राहत नाही.

नमाज पढणाऱ्याला आणखी एक अडचण माहीत आहे. वजू करताना घट्ट मोरीची जीन्स वर सरकत नाही. सजद्यात जाताना ती गुडघ्याला ताणते आणि कमरेला खाली उतरते. मागच्या सफमधल्या माणसाला नजर कुठे ठेवावी कळत नाही. सैल, कमरेवर नीट बसणारी पँट असली की हा प्रश्नच उरत नाही. मांडी घालून बसणाऱ्या, दुचाकीवर दिवसभर सामान पोहोचवणाऱ्या, वाकून काम करणाऱ्या कोणालाही, मग तो कोणत्याही धर्माचा असो, हाच अनुभव येईल.

फिकट रंगाची किंमत

जीन्स नवी असून जुनी दिसावी, मांडीवर पांढरी पडलेली असावी, ही हौस फुकटची नाही. तुर्कस्तानात यासाठी कामगार जीन्सवर वाळूचा जोरदार मारा करत. ती बारीक धूळ फुप्फुसात जाऊन त्यांना सिलिकोसिस झाला. तरुण मुले दगावली. अखेर २००९ मध्ये तिथल्या सरकारला त्या पद्धतीवर बंदी घालावी लागली. आपल्याकडे उल्हासनगरच्या जीन्स धुलाई कारखान्यांच्या रंगीत सांडपाण्याने वालधुनी नदीचे काय झाले, हे त्या भागातल्या लोकांना सांगायला नको.

कोणी म्हणेल, हिरवी पँट काय झाडावर उगवते? बरोबर आहे. तिलाही कापूस लागतो, कापसाला पाणी लागते आणि हिरवा रंगही रंगशाळेतच चढतो. पण साधी हिरवी पँट तिच्या मूळ रंगात शोभते, तिला ओरबाडून फिकी करावी लागत नाही. वापराने ती आपोआप मऊ होते, थोडी उतरते आणि तशीही चांगली दिसते. म्हणून घेताना ‘वॉश’ केलेली घेऊ नका, साधी घ्या.

शिंप्याच्या दुकानाकडे

मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा हा. आपल्या समाजात शिंपीकाम करणारी घरे कितीतरी आहेत. रेडिमेड जीन्स आली आणि त्यांच्याकडे पँट शिवायला येणारे गिऱ्हाईक आटले. आज अनेक दुकानांत उंची कमी करणे, चेन बदलणे, फाटलेले रफू करणे एवढेच काम उरले आहे. जीन्स गल्लीतल्या शिंप्याला नीट शिवता येत नाही. जाड शिवणीसाठी वेगळी मशीन लागते. सुती ट्विलची पँट मात्र तो डोळे झाकून शिवेल. ५८ इंच पन्ह्याचे सव्वा मीटर कापड साधारण अंगाच्या माणसाला पुरते. कंबर तुमच्या मापाची, मांडीला मोकळी, मोरी घोट्यावर. मोबाइलसाठी खोल खिसा हवा तर तोही मिळेल. पोट वाढले तर सोडायला आत दाब ठेवलेला असतो. पैसा कंपनीच्या नावाला न जाता मोहल्ल्यात राहतो.

कशावर घालावी

हा रंग चालत नाही, हा गैरसमज आहे. पांढरा, मोतिया, राखाडी, आकाशी, काळा, मरून, मोहरीचा पिवळा, विटकरी असे बहुतेक सगळे शर्ट त्यावर चालतात. ऑफिसला पांढरा किंवा आकाशी शर्ट आणि तपकिरी बूट. सुटीच्या दिवशी पांढरा आखूड कुर्ता आणि कोल्हापुरी चप्पल. थंडीत काळा किंवा राखाडी स्वेटर. मुलींनी ती गुडघ्यापर्यंतच्या मोतिया किंवा विटकरी कुर्त्याखाली घालावी. काळा, मोतिया किंवा तपकिरी हिजाब तिच्यावर छान जुळतो. दोनच गोष्टी टाळा. हिरव्या पँटवर त्याच हिरव्याचा शर्ट नको आणि दहा खिशांची, पट्टे लोंबणारी पँट नको.

“हा रंग नको रे बाबा”

आता भीतीकडे येतो. मुलगा हा रंग घालून निघाला की घरातले मोठे म्हणतात, “बेटा, दुसरी घाल. नाक्यावर कोणी अडवले तर?” ही काळजी खोटी नाही. नाव विचारले की नजर बदलते, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे. पण काळजीचे उत्तर घाबरून रंग सोडणे हे नव्हे, कायदा माहीत असणे हे आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम १६८ सांगते, की सैनिक नसताना, आपण सैनिक आहोत असे लोकांना वाटावे या हेतूने सैनिकाचा पोशाख घालणे हा गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेत हेच कलम १४० होते. यात हेतू महत्त्वाचा आहे. साध्या हिरव्या पँटवर पांढरा शर्ट घातलेल्या माणसाला कोणी शिपाई समजत नाही.

ठिपक्याठिपक्यांचे, चट्ट्यापट्ट्यांचे लष्करी कापड मात्र पूर्णपणे टाळावे. लष्कराने १५ जानेवारी २०२२ रोजी नवा लढाऊ गणवेश लोकांसमोर आणला आणि त्याच्या नक्षीची कायदेशीर नोंदणीही केली. ती नक्षी जवानाची आहे. तिला मान द्यायचा तर तिची नक्कल करू नये. बिल्ले, खांद्यावरच्या पट्ट्या, लष्करी बूट यांनाही हेच लागू आहे. हा नियम सगळ्यांना सारखा आहे आणि सर्वांनीच पाळावा.

राहिला प्रश्न रंग कोणाचा, हा. आपल्या देशात रंग वाटून घेतले गेले आहेत. हा त्यांचा, तो आमचा, निळा आणखी कोणाचा. हिरवा दिसला की लोकांच्या मनात एक चित्र उभे राहते आणि मिलिटरी हिरवा दिसला की अगदी उलटे चित्र उभे राहते. जणू या दोन हिरव्यांची कधी भेटच झाली नाही! गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरच्या एका शिंप्याचा मुलगा घरी कपडे शिवायला मदत करत होता. १९५४ मध्ये तो सैन्यात गेला. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण भागात पाकिस्तानी रणगाडे उडवताना तो शहीद झाला आणि त्याला परमवीर चक्र मिळाले. त्याचे नाव अब्दुल हमीद. ज्या समाजातून अब्दुल हमीद गेला, त्या समाजाच्या मुलाने या रंगाच्या पँटला घाबरावे, हे मला पटत नाही. आणि ती घालून आपली देशभक्ती सिद्ध करावी, हेही पटत नाही. पँट हे प्रमाणपत्र नाही.

पावसाळा सरला की सह्याद्रीच्या उतारावरचे गवत याच रंगाचे होते. तो रंग कोणी कोणाला वाटून दिलेला नाही. पुढच्या ईदला किंवा दिवाळीला घरातल्या मुलासाठी तिसरी-चौथी जीन्स घेण्याआधी कापडाच्या दुकानात जा, सव्वा मीटर मेहंदी कलरचे सुती ट्विल घ्या आणि गल्लीतल्या शिंप्याकडे टाका. शिवून आली की पावसाळाभर वापरून पाहा. मग जीन्स आणि ती, दोन्ही दोरीवर शेजारी वाळत घाला आणि आधी कोणती वाळते ते बघा.