हप्त्याची गाडी आणि पन्नाशीचा संसार

बपेरा हे भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्याचे सीमेवरचे गाव. बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश लागतो. एका अंगाला तुमसरची बाजारपेठ, दुसऱ्या अंगाला बालाघाटकडे जाणारा रस्ता. अशा ठिकाणच्या छोट्या व्यापाऱ्याला एका जागी बसून भागत नाही. कापड, बांगड्या, चपला, भांडी घेऊन आठवडी बाजार करणारा असो, की गाद्या भरणारा, शिलाई करणारा, वेल्डिंगची कामे घेणारा कारागीर असो, गाडीची गरज सर्वांनाच आहे. तेव्हा गाडी नको असे आमचे म्हणणे नाही. ती कोणत्या पैशाने घ्यावी आणि कोणत्या वयात किती बोजा उचलावा, एवढाच प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा प्रश्न आज मुद्दाम मांडण्याचे कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारी, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी, तीनचाकी आणि मालवाहू गाड्या यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. किमती उतरल्या ही चांगलीच गोष्ट. परंतु "फक्त इतके भरा आणि गाडी घेऊन जा" हा मोह त्यामुळे आणखी वाढला आहे.

वयाचा हिशेब

पंचविशीतल्या तरुणाने पाच वर्षांचे कर्ज घेतले तर ते फिटल्यावर त्याच्यापुढे कमाईची तीस वर्षे असतात. पन्नाशीतल्या माणसाचे कर्ज फिटते तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा असतो. याच पाच वर्षांत मुलाच्या कॉलेजची फी येते, मुलीचे लग्न येते, गुडघे-डोळे-साखर यांचा दवाखाना येतो. ज्यांची हजची नियत आहे त्यांची ती रक्कमही याच वर्षांत साठवायची असते.

नोकरदाराला निवृत्तीनंतर काही ना काही मिळते. दुकानदाराचे आणि कारागिराचे तसे नाही. अटल पेन्शन योजना आणि छोट्या व्यापाऱ्यांसाठी २०१९ मध्ये आलेली मानधन योजना, या दोन्हींत नाव नोंदविण्याचे वय १८ ते ४० आहे. म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या आमच्या बांधवाला ही दोन्ही दारे बंद आहेत. गल्ल्यात आणि बँकेत जे शिल्लक राहील तीच त्याची पेन्शन. हप्ता जातो तो या शिलकेतून जातो.

फेऱ्यांचा हिशेब

आता वही-पेन्सिल घेऊन बसू. समजा, माल वाहण्यासाठी जुनी-नवी कोणती तरी छोटी गाडी घ्यायची आहे आणि त्यासाठी ३ लाखांचे कर्ज काढायचे आहे. समोरचा सांगतो, "फक्त ९ टक्के फ्लॅट, पाच वर्षे." वर्षाला २७ हजार, म्हणजे पाच वर्षांचे व्याज झाले १ लाख ३५ हजार. महिन्याचा हप्ता ७,२५०. यात मेख अशी की दर महिन्याला मुद्दल फिटत जाते, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ३ लाखांवर लागते. घटत्या शिलकेवर मोजले तर हा दर साडेपंधरा टक्क्यांच्या वर जातो. घटत्या शिलकेवर खरोखरच ९ टक्के असते, तर हप्ता सुमारे ६,२३० आणि एकूण व्याज साडेत्र्याहत्तर हजारांच्या आसपास आले असते. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज देणाऱ्याने ग्राहकाला ठळक माहितीचे पत्रक द्यावे लागते आणि त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो. ते पत्रक वाचल्याशिवाय कोणीही सही करू नये.

पुढचा प्रश्न, ही गाडी स्वतःचा हप्ता कमावते का? समजा, भाड्याचा गाडीवाला एका बाजाराचे ७०० रुपये घेतो. स्वतःची गाडी असेल तर तेवढ्याच फेरीला २५० रुपयांचे तेल जळते. म्हणजे एका फेरीमागे ४५० रुपये वाचले. विमा, टायर, दुरुस्ती यांसाठी महिन्याला २ हजार धरले तर हप्त्यासह खर्च झाला ९,२५०. तो भरून निघायला महिन्याला २१ फेऱ्या लागतात. आठवड्याला दोन-तीन बाजार करणाऱ्याच्या फेऱ्या आठ ते बारा होतात. त्याला भाड्याचीच गाडी परवडते.

हीच गाडी बिनव्याजी घेतली असती तर? मुद्दलाचे महिन्याला ५ हजार, वरचा खर्च २ हजार. १६ फेऱ्यांत हिशेब बसतो. पाच वर्षांनी गाडी विकून थोडे पैसे परत येतील, ते दोन्हीकडे सारखेच. राहिला फरक पाच फेऱ्यांचा. महिन्यातले पाच बाजार, उन्हातान्हात, पावसात, केवळ व्याजासाठी करायचे! व्याज हराम आहे हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. ते धंद्याच्या हिशेबातही किती महाग पडते, हे या पाच फेऱ्यांवरून दिसावे. आकडे ज्याचे त्याने आपापले घालावेत. रीत हीच राहील.

मालाची गाडी आणि हौसेची गाडी

पुष्कळजण "घरालाही होईल आणि धंद्यालाही होईल" म्हणून मोटार घेतात आणि मागच्या सीटवर गठ्ठे टाकतात. यात दोन्हीकडून तोटा आहे. खासगी म्हणून नोंदलेल्या गाडीतून नियमित माल वाहिला तर अपघाताच्या वेळी विम्याची भानगड होऊ शकते. शिवाय जीएसटीत नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला मालवाहू गाडीवर भरलेल्या कराची वजावट मिळते. स्वतःच्या वापराच्या मोटारीवर ती मिळत नाही. मालवाहू गाडीला वेगळे लायसन्स लागेल ही भीतीही आता उरलेली नाही. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले आहे की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात हजार किलोपेक्षा कमी वजनाचे व्यापारी वाहन त्याच परवान्यावर चालविता येते.

राहिला घरच्यांचा प्रवास. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही अर्धे, आणि ७५ च्या पुढे मोफत. सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे हे सीमेवरच्या गावाने लक्षात ठेवावे. महिन्यातून दोनदा तुमसर-भंडारा करणाऱ्या कुटुंबाला एसटी आणि एक चांगली दुचाकी पुरते. अडीनडीला भाड्याची मोटार आहेच.

सीमेपलीकडची स्वस्त गाडी

बपेऱ्यासारख्या गावी आणखी एक मोह असतो. पलीकडे बालाघाटला एमपी ५० पाटीची जुनी गाडी स्वस्तात मिळते. जरूर घ्यावी, पण कागद पुरे करून. तिकडच्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, आरसीवर फायनान्सचा बोजा नसल्याची खात्री, थकलेल्या चलनांची तपासणी, हे आधी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खरेदीदाराने मालकी बदलाची खबर ३० दिवसांत द्यायची असते, आणि दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ इकडे ठेवायची तर आपल्याकडचा, म्हणजे एमएच ३६ चा, नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी येथला रस्ता कर भरावा लागतो. तो किमतीत मिळवूनच स्वस्त-महाग ठरवावे.

विकणाऱ्यानेही जपावे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आरसीवर ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. गाडी विकली, पैसे मिळाले, पण नाव बदलले नाही आणि तिकडे कोणी दगावला, तर भरपाईची नोटीस जुन्या मालकाच्या घरी येते. विमा नसेल तर दुकान विकायची पाळी येईल.

लग्नातली गाडी

पन्नाशीतला बाप अनेकदा सर्वांत मोठी गाडी घेतो ती स्वतःसाठी नव्हे, जावयासाठी. स्वतः सायकलवर माल विकणारा माणूस मुलीच्या लग्नात मोटारसायकल देतो आणि तिचे हप्ते नातू शाळेत जाईपर्यंत फेडतो. १९६१ पासून हुंडा हा कायद्याने गुन्हा आहे. मागून घेतलेल्या गाडीला "भेट" म्हटल्याने ती भेट होत नाही. ज्या घरात मुलगा आहे त्या घराने ही मागणी आधी बंद करावी. मुलीच्या बापाला उपदेश नंतर करावा.

मग करावे काय?

व्यापारी बंधूंनी प्रथम तीन महिने फेऱ्या लिहून काढाव्यात. आकडा बसत नसेल तर भाड्यानेच काम चालवावे आणि हप्त्याएवढी रक्कम दर महिन्याला बाजूला टाकावी. महिन्याला ७ हजार टाकणाऱ्याकडे दोन वर्षांत १ लाख ६८ हजार जमतात. त्यात एखादी जुनी, चांगली गाडी रोख घेता येईल. ही रक्कम टाकणे जड जात असेल, तर हप्ताही जडच गेला असता हे ओळखावे. ओळखीच्या दहा-बारा विश्वासू दुकानदारांची, बोली न लावता पाळीपाळीने उचलायची भिशी हाही मार्ग आहे. भावाकडून, मेहुण्याकडून कर्जे हसना घ्यावे. मात्र मुदतीसह कागदावर लिहावे आणि साक्षीदार ठेवावेत. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकरामध्ये आलेला आहे, आणि लिहिलेल्या कर्जामुळे नाती टिकतात असाच व्यवहाराचा अनुभव आहे.

शेवटी, हा निर्णय एकट्या पुरुषाने शोरूममध्ये उभे राहून घेऊ नये. घरखर्च जिच्या हातातून जातो त्या पत्नीला आणि कमावत्या मुलाला जवळ बसवावे, वही पुढे ठेवावी. तिघांनाही आकडा पटला तर गाडी घ्यावी. नाही पटला तर आणखी वर्षभर थांबावे. तेवढ्याने धंद्याचे काही बिघडत नाही.