यंत्रपरिचय : बूस्टर काढण्यापूर्वी

जुनी मोटार प्रेमाने सांभाळणाऱ्यांच्या मनात एक विचार हटकून येतो. ब्रेकच्या बूस्टरचा तो काळा, वाटोळा डबा इंजिनाशेजारी पुष्कळ जागा अडवितो. जुना झाला की त्यातून हवा गळू लागते. मग तो काढून टाकला आणि ब्रेक केवळ पायाच्या जोरावर चालविले, तर काय बिघडले? आपल्याकडील पद्मिनी आणि सुरुवातीच्या ॲम्बॅसडर बूस्टरवाचूनच धावत होत्या, हा दाखलाही लगोलग दिला जातो.

अमेरिकेतील हौशी मंडळींत हा फेरबदल नित्याचा आहे. १९६४ ची शेव्हेल किंवा १९६७ ची कॅमेरो या गाड्यांत बूस्टर ही जादा पैसे देऊन घेण्याची सोय होती. त्यामुळे तो काढणे म्हणजे गाडी कारखान्याच्या मूळ रूपात नेणेच होय. शिवाय शर्यतीच्या धाटणीचा कॅमशाफ्ट बसविलेल्या इंजिनात निर्वात पुरेसा निर्माण होत नाही आणि बूस्टर असूनही नसल्यासारखा होतो.

हा निर्वातच बूस्टरचा प्राण आहे. डब्याच्या मधोमध रबराचा पडदा असतो. एरवी त्याच्या दोन्ही अंगांची हवा इंजिन ओढून घेते. पेडल दाबताच एक झडप उघडते, पेडलकडच्या अंगाला बाहेरची हवा शिरते आणि वातावरणाचा दाब पडद्याला पुढे रेटतो. नऊ इंच व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ४१० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलोचा फरक धरला, तरी हा रेटा सुमारे २५० किलो भरतो. एवढा मोठा सहायक आपण सेवामुक्त करावयास निघालो आहोत!

त्याची जागा भरून काढण्याचे उपाय दोन. पहिला पेडलच्या दांड्याचा. वर सांगितलेल्या अमेरिकन गाड्यांच्या दांड्याला कारखान्यातूनच दोन छिद्रे असतात, एकमेकांपासून सुमारे एक इंचावर. खालचे बूस्टरच्या गाडीसाठी, वरचे बिनबूस्टरच्या गाडीसाठी. वरचे छिद्र बिजागरीच्या जवळ असल्याने पायाचा जोर चौपटीऐवजी सहापट होतो. दुसरा उपाय मास्टर सिलिंडरचा. एक इंच व्यासाऐवजी पाऊण इंच अधिक एक अष्टमांश, म्हणजे सात अष्टमांश इंचाचा सिलिंडर बसविला की त्याच जोरात तेलाचा दाब वाढतो.

आता हिशेब पाहू. पायाचा जोर ३० किलो धरू. नुसता बूस्टर काढला आणि बाकी काही बदलले नाही, तर तेलावर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम २४ किलो दाब येतो. दोन्ही उपाय केले तर तो ४६ किलो होतो. बूस्टर असताना मात्र तो सुमारे ७४ किलो होता. तितका दाब पुन्हा हवा असेल तर पायाने ४८ किलो जोर द्यावा लागेल. शिवाय पेडल पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट खाली जाईल, कारण यंत्रशास्त्रात जोराची भरपाई अंतराने करावी लागते. हे आकडे घर्षण वगळून, कागदावरचे आहेत. परंतु प्रमाण त्यांवरून ध्यानात येते.

पद्मिनीचा दाखला इथेच लंगडा पडतो. तिच्या चारही चाकांना ड्रम होते. ड्रम फिरताना पुढचा शू स्वतःच आत ओढला जातो व ब्रेकला आपोआप बळ मिळते. डिस्कला ही देणगी नाही. तिला बाहेरून अधिक दाब पुरवावा लागतो. म्हणून पुढे डिस्क असलेल्या जड गाडीचा बूस्टर काढण्यापूर्वी दहादा विचार करावा.

तरीही काढावयाचाच असेल तर कामात कसूर नको. मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला खोल खाच हवी, नाहीतर पेडलची दांडी निसटण्याचे भय असते. दांडी सरळ रेषेत यावी आणि तिच्यात किंचित मोकळीक असावी. मोकळीक नसेल तर तेल परतत नाही, ब्रेक चिकटून राहतात व तापतात. आपल्या देशात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील फेरबदलांवर मर्यादा घालते. तेव्हा परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी चौकशी करावी.

त्याहूनही आधी एक सोपी परीक्षा घ्यावी. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करीत आहे. न गेले तर प्रथम रबरी नळी आणि एकमार्गी झडप तपासावी. पुष्कळदा दोष त्या चिरलेल्या नळीत असतो आणि शिक्षा डब्याला होते.

शेवटचा प्रश्न मिस्त्रीने सोडविण्याजोगा नाही. ती गाडी घरात कोण कोण चालविते? तरण्या मुलाच्या पायाला ४८ किलो जड नाहीत. पण साठी उलटलेले वडील, सडपातळ सूनबाई, गुडघे दुखणाऱ्या मावशी यांच्यापैकी कुणी चालविताना समोर अचानक एखादे मूल धावत आले, तर तोच जोर क्षणार्धात त्यांच्या पायांतून निघाला पाहिजे. घरातील सर्वांत अशक्त चालकाला उभ्या गाडीत पेडल दाबावयास सांगावे आणि मगच पाना हाती घ्यावा.