सवडीचा एक दिवस

जुन्या मैत्रीला निमित्त लागत नाही, असे आपण म्हणतो. मात्र मध्ये एखादी गोष्ट बोलायची राहून गेली, तर साध्या भेटीलाही निमित्त शोधावे लागते. सांगलीच्या महाविद्यालयात एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मैत्रिणींचे तसेच झाले होते. एक लग्नानंतर सांगलीतच राहिली, दुसरी मुंबईत बोरिवलीला आली. एके काळी दर महिन्याला पत्र जात असे. गेली काही वर्षे मात्र क्षमावाणीच्या दिवशी जोडलेल्या हातांचे एक तयार चित्र इकडून तिकडे जाई आणि तसेच दुसरे तिकडून इकडे येई. वर्षाचा व्यवहार तेवढ्यावर संपे.

डिसेंबरात सांगलीची मैत्रीण मुलीकडे ठाण्याला आली आणि तिने आपण होऊन फोन केला. "एक दिवस तुझ्यासाठी ठेवलाय. घरी येत नाही, पण मुंबई दाखव." 'घरी येत नाही' हे शब्द दोघींनाही टोचले. त्यावर कोणी काही बोलले नाही.

ठरल्याप्रमाणे सकाळी साडेआठला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर दोघी भेटल्या. सांगलीकर मैत्रिणीच्या खांद्याला कापडी पिशवी होती. तीत उकळून गार केलेले पाणी, दशम्या, लसूण न घातलेले भडंग आणि तासगावचे बेदाणे होते. "अगं, मुंबईत काय खायला मिळत नाही?" या प्रश्नाला तिने फक्त हसून उत्तर दिले.

पहिला मुक्काम गेटवे ऑफ इंडिया. पाहुण्यांना मुंबईचा समुद्र म्हणजे मरीन ड्राइव्ह वाटतो. परंतु या शहराला ज्याने मोठे केले ते बंदर पूर्वेच्या अंगाला, शहर आणि कोकणची मुख्य भूमी यांच्यामधल्या शांत पाण्यात आहे. बेसाल्ट दगडाची ही कमान जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार १९२४ साली पूर्ण झाली. राज्यकर्त्यांच्या स्वागतासाठी ती बांधली होती. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून परत गेली. घारापुरीला जायचे तर तासाभराचा जलप्रवास आणि वर शंभरावर पायऱ्या. दोघींच्या गुडघ्यांनी तो बेत फेटाळला आणि त्या बंदरात छोटी फेरी मारून आणणाऱ्या लाँचमध्ये बसल्या. हिवाळी पाहुणे असलेले कुरव पक्षी लाँचमागून उडत होते. एका बाजूला नौदलाची राखाडी जहाजे होती आणि धुक्यापलीकडे न्हावाशेवाच्या उंच याऱ्या पुसट दिसत होत्या. सांगलीकर मैत्रीण पाण्याकडे फार वेळ पाहू शकली नाही. तिने तोंड किनाऱ्याकडे वळवले. तसे का, हे दुसरीला ठाऊक होते.

तिथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ही इमारतही विटेट यांचीच. १९२२ साली ती संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली. इथे घाई न करता पाहावे असे पुष्कळ आहे. पण दोघींची पावले थबकली ती बाहुबलीच्या हातभर उंचीच्या धातुमूर्तीपाशी. श्रवणबेळगोळची ही मूर्ती हजार वर्षांहून जुनी. पायांवरून वर चढत हातांना वेढणारी वेल त्या अज्ञात मूर्तिकाराने फार हळुवारपणे घडवली आहे. कुंभोजची २८ फुटी मूर्ती लहानपणापासून पाहिलेल्या मैत्रिणीला ही एवढीशी मूर्ती पाहून नवल वाटले. "तिथं मान वर करावी लागते. इथं वाकावं लागतं," ती म्हणाली.

बाहुबलीची कथा दोघींच्याही तोंडपाठ होती. दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध या तिन्हींत त्याने भरताला जिंकले आणि त्याच क्षणी राज्य सोडले. तो वर्षभर निश्चल उभा राहिला, तरी केवलज्ञान होईना. आदिपुराण सांगते, की आपल्यामुळे भावाला क्लेश झाला ही एवढीच सल मनात उरली होती. भरताने येऊन पूजा केली आणि ती सल गेली. "एवढा मोठा तपस्वी, आणि अडकला कशात बघ," मुंबईकर मैत्रीण म्हणाली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

दुपारी फोर्टमधल्या एका साध्या उपाहारगृहात बटाट्याऐवजी कच्ची केळी घातलेली पावभाजी झाली. मग ओव्हल मैदानाच्या कडेला, सावलीत बसकण मारली. समोर पोरांचे चार-पाच डाव एकमेकांत मिसळून चालले होते. ओव्हलच्या पूर्वेला व्हिक्टोरियन काळातील दगडी इमारती आहेत आणि पश्चिमेला समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवरची आर्ट डेको घरे. २०१८ पासून हा सारा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. या सगळ्यांच्या वर डोके काढून उभा आहे तो विद्यापीठाचा राजाबाई मनोरा.

मुंबईकर मैत्रिणीने त्याची हकीकत सांगायला घेतली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या तेजीत आपल्या समाजातील प्रेमचंद रायचंद शेठ शहरातले सर्वांत वजनदार व्यापारी झाले. १८६४ साली त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचे नाव द्यावे, एवढीच इच्छा. राजाबाईंना दिसत नव्हते. घंटेच्या ठोक्यांवरून त्यांना वेळ कळावी आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण चुकू नये, म्हणून हा घाट घातला, असे सांगतात. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला. बँका बुडाल्या, भरावाच्या कंपन्या बुडाल्या आणि शेठजींची दौलतही गेली. मनोऱ्याचे काम सुरू झाले ते त्यानंतर, १८६९ साली. १८७८ मध्ये तो पुरा झाला. उंची २८० फूट. आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट भारतात कधी आलेच नाहीत.

"म्हणजे हे उभं राहत होतं, तेव्हा शेठजींचं सगळं गेलेलं होतं?"

"हो. आणि साऱ्या गावाला ते माहीत होतं. लपवायला जागाच नव्हती." ती थांबली. मग मैदानाकडे पाहत म्हणाली, "आमचं मात्र मी लपवलं."

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा या मैत्रिणीचे घरही बुडाले होते. आईला महिनाभर तुझ्याकडे ठेवशील का, असे तिने फोनवर विचारले होते. घरात रंगकाम काढले आहे, असे उत्तर मिळाले. आईने दहा दिवस एका शाळेतल्या निवाऱ्यात काढले. दोन वर्षांनी ती गेली.

"रंगकाम नव्हतं गं. यांचं दुकान जूनमध्येच बंद पडलं होतं. दागिने बँकेत होते. तुझ्या आईनं ते घर तसं पाहावं, हे मला सोसलं नसतं. पण तिनं शाळेच्या फरशीवर झोपावं, हे कसं सोसलं, ते आजही कळत नाही."

सांगलीकर मैत्रिणीने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला, सोडला. "रंगकाम नव्हतं, ते ठाऊक होतं. दशलक्षणात तुझ्या मुलाचा फोटो आला होता. मागं तीच जुनी पोपटी भिंत. कारण तेवढं माहीत नव्हतं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आई विचारायची, तिचं रंगकाम झालं का गं? मी म्हणायची, अजून चाललंय. तिला मी कधी कळू दिलं नाही. पण बाकी साऱ्या गावाला सांगत सुटले. सहा वर्षं तुझी निंदा केली. तेव्हा एकट्या तुलाच मागायची आहे असं नाही."

मनोऱ्यावर पावतासाचा ठोका पडला. दोघींनी हात जोडले नाहीत, शब्दही उच्चारले नाहीत. एकीने दुसरीच्या हातातली पिशवी आपल्या खांद्याला घेतली, एवढेच. आई आता परत येणार नव्हती. दर वर्षी जाणाऱ्या-येणाऱ्या त्या चित्रांत जे नव्हते, त्यासाठी मात्र घड्याळाकडे न पाहता शेजारी बसलेला एक अख्खा दिवस लागला होता.

डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाचलाच त्या मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर पोहोचल्या आणि पिशवीतल्या दशम्या निघाल्या. बेदाणे दोघींनी एकाच पुडीतून खाल्ले. सूर्य पाण्याला टेकला, तेव्हा डबा धुऊन पालथा झाला होता. या वेळी सांगलीकर मैत्रीण समुद्राकडे तोंड करून बसली होती.

"आता तरी रंग दिलास का त्या भिंतीला?"

"नाही. तशीच आहे."

"मग बघायलाच येते."

चर्चगेटला बोरिवलीची लोकल लागली होती. डब्यात जागा मिळाल्यावर तिने ठाण्याला मुलीला फोन लावला. "अगं, मी आज येत नाही. मुक्काम इकडंच आहे."