पूररेषेवरील आरोग्यसेविका

कृष्णा-पंचगंगेच्या काठी पूर येण्यापूर्वी प्रथम कोणास हलवावयाचे, हे सांगण्याचा अधिकार उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेस लेखी हुकमाने मिळाला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२०१९ आणि २०२१ सालच्या पुरांत या काठच्या शिरोळ तालुक्याने काय भोगले, ते वाचकांस ठाऊकच आहे. तरीही पावसाळ्यापूर्वीच्या बैठकांत नावा, दोर आणि छावण्या यांची तजवीज होत असता आरोग्यसेविकेचे दप्तर क्वचितच उघडले जाते. ज्या गर्भवतीचे दिवस भरत आले आहेत, ज्या क्षयरुग्णाच्या औषधांत खंड पडता कामा नये आणि ज्या वृद्धाचे इन्सुलिनवाचून चालत नाही, त्यांची घरे जिला गल्लीनिशी ठाऊक, तिला पाणी वेशीशी आल्यावर ब्लीचिंग पावडरीची पोती मोजावयास बसविणे, ही निव्वळ बेपर्वाई होय.

धरणातील विसर्गाचा इशारा तहसील कचेरीत येताच तिच्याही हाती पडावा, तिच्या यादीबरहुकूम वाहन सुटावे, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिस-प्रतिबंधक गोळ्या वाटण्यास शेजारच्या तालुक्यातील सेविका याव्यात (कारण तिचे स्वतःचे घरही पुष्कळदा त्याच पाण्यात असते), असा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी मे महिना संपण्यापूर्वी काढावा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने त्यांस तेवढा अधिकार खचित दिला आहे.