ओसरीवरचा समोसा

आमच्या हिंगोलीच्या घरी दिवाळीच्या करंज्या अजून सासूबाईंच्या देखरेखीखाली होतात. वय ब्याऐंशी, पण पिठात मोहन कमी पडले की लाटणारीच्या आधी त्यांना कळते. यंदा पारी लाटता लाटता मी सहज म्हणाले, "आई, समोशाचेही असेच असते बरे का. कडकडीत मोहन, घट्ट पीठ आणि मंद आच."

झाले! "त्या बाहेरच्या पदार्थाशी करंजीची बरोबरी?"

आता 'बाहेरचा' हे काही खोटे नाही. समोसा इराण-मध्य आशियाकडून आला. १३३४ साली दिल्लीस आलेल्या इब्न बतूताने महंमद तुघलकाच्या दरबारी मेजवानीतल्या समोशाचे वर्णन लिहून ठेवले आहे. आत खिमा, बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा. आणि तळलेला तुपात. बटाट्याचा पत्ताच नाही! बटाटा नि मिरची मूळची अमेरिकेतली, ती पोर्तुगीज आल्यानंतर इकडे रुजली. म्हणजे आपला 'अस्सल' समोसा त्या मानाने कालचा पोर. याच तुघलकाने १३२७ साली राजधानी आमच्या मराठवाड्यात, दौलताबादला हलवली होती. आणि हिंगोली तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या हैदराबादेत समोशाची चौकोनी बहीण लुखमी अजून लग्नाच्या पंगतीत मानाने बसते.

तिकडे गोव्यातून तो पोर्तुगीजांबरोबर लिस्बनला गेला, तिथे त्याला 'शमूसा' म्हणतात. पूर्व आफ्रिकेत तो 'सांबूसा'. १९७२ साली इदी अमीनने युगांडातल्या आपल्याकडच्या लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. हजारो कुटुंबे इंग्लंडला गेली. घरे, दुकाने मागे राहिली. समोशाची कृती तेवढी कुणाला जप्त करता आली नाही.

हे सारे मी मोठ्या ऐटीत सांगत होते. सासूबाई मुकाट्याने कातण फिरवीत होत्या. मग म्हणाल्या, "त्यांना फार आवडायचा."

मामंजी वाशीमला नोकरीला होते. संध्याकाळच्या मीटरगेज गाडीने परत येत. कधीमधी स्टेशनाबाहेरून कागदात गुंडाळून दोन समोसे आणीत. पण सासूबाईंचे सोवळे कडक; पुडा ओसरीच्या आत यायचा नाही. दोन्ही समोसे ते तिथेच, खांबाला टेकून एकटे खात. दुसरा कुणासाठी आणीत, हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही आणि सासूबाईंनी कधी विचारले नाही.

"उद्या दोन बटाटे उकडायला लाव," त्या म्हणाल्या. "तिखट जरा जास्त घाल."

दुसऱ्या दिवशी मी चार समोसे तळले. त्यांतले दोन ताटलीत घेऊन त्या हळूहळू ओसरीवर गेल्या, खांबाजवळ बसल्या. बराच वेळ नुसत्याच बसल्या. मग एकाचे टोक मोडून तोंडात घातले.

"मोहन कमी पडले गं," आतल्या दिशेने त्यांनी मला ऐकवले, आणि दुसरा तुकडा मोडला.